सारवण

आलेख पडद्यावर आला आणि सभागृहात टाळ्या वाजल्या. करंजमाळच्या कणवेध केंद्रात एरवी टाळ्या वाजायच्या त्या कुणी निवृत्त झालं तरच. त्या दिवशी मात्र संचालक नंदन कामत स्वतः उभे राहून टाळ्या वाजवत होते.

पडद्यावर एक निळी रेघ होती आणि तिच्यावर काळे ठिपके. रेघ नकलेची, ठिपके मापाचे. विजेच्या तारेवर चिमण्या बसाव्यात तसे सगळे ठिपके रेघेवर बसले होते. एकही खाली घसरला नव्हता, एकही वर उडाला नव्हता.

डॉ. सुमेध उकिडव्यांनीही दोनदा टाळी वाजवली. मग त्यांचे हात मांडीवरच राहिले.

"उकिडवेसर, बोला की काहीतरी," कामत म्हणाले. "भिंत तुमची, माप घेणारी पोरगी तुमची, आणि तुम्हीच गप्प?"

"छान आहे," उकिडवे म्हणाले. "फारच छान आहे."

"बघा! यांना आनंदसुद्धा सोसत नाही."

सगळे हसले. उकिडवेही हसले. 'फारच' या शब्दाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही याचं त्यांना बरंच वाटलं.

उकिडव्यांचा संशय सहसा दुसऱ्यावर नसे, स्वतःवर असे. घराला कुलूप लावल्यावर जिना उतरून पुन्हा वर येणारे आणि ते ओढून बघणारे ते गृहस्थ. चारचौघांत हात वर करून शंका विचारणं त्यांना कधी जमलं नव्हतं. म्हणून ती शंका त्यांनी तशीच खिशात घालून बाहेर आणली.

केंद्रात ज्याला सगळे 'भिंत' म्हणत ते यंत्र जमिनीखालच्या दालनात होतं. टंगस्टनचा पातळ पत्रा, त्याच्यामागे सिलिकॉनचा थर, पुन्हा पत्रा, पुन्हा थर, अशी ती भिंत. वेगवान इलेक्ट्रॉन तिच्यात घुसला की टंगस्टनच्या अणूंजवळून जाताना तो वळतो, मंदावतो, आणि त्यातून प्रकाशाचा एक जोरकस कण बाहेर पडतो. त्या प्रकाशकणापासून पुढे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी जन्मते. ती जोडी पुन्हा प्रकाशकण सोडते. एकाचे दोन, दोनाचे चार असा कणांचा वर्षाव वाढत जातो. प्रत्येकाच्या वाट्याची ऊर्जा मात्र कमी कमी होत जाते आणि शेवटी सगळं विझतं. केंद्रात याला नुसतंच 'शॉवर' म्हणत. कुठल्या थरात किती कण सापडले हे मोजलं की मुळात आलेला कण केवढा जोरकस होता ते कळतं.

मोजलेलं बरोबर आहे का, हे कळायला तोच शॉवर संगणकात घडवून बघायचा. ती नक्कल. नक्कल आणि माप एकमेकांवर ठेवून बघणं हे उकिडव्यांचं आयुष्यभराचं काम.

आता संगणकातला शॉवर फार नितळ असतो. खऱ्या भिंतीत एखादा थर जरा गरम असतो, एखादा जरा जाड असतो, तारांमध्ये कुरकुर असते. म्हणून तुलना करण्याआधी नकलेच्या आकड्यांवर तेवढाच ओबडधोबडपणा मुद्दाम चढवावा लागतो. उकिडव्यांच्या गुरूंनी या कामाला 'सारवण' असं नाव ठेवलं होतं आणि ते केंद्रात रुळलं. नव्या विद्यार्थ्याला उकिडवे पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत. सारवायची ती नक्कल. माप कधी सारवायचं नाही. मापावर हात फिरवून ते नकलेसारखं केलं तर ते सारवण राहत नाही, ती सारवासारव होते.

आणि त्यांच्या खिशातली शंका नेमकी तीच होती. प्रत्येक ठिपक्याला वरखाली एक बारीक दांडी असते, एवढी चूक होऊ शकते असं सांगणारी. सगळं प्रामाणिक असलं तरी निव्वळ योगायोगाने दर तीन ठिपक्यांतला एखादा दांडीपेक्षा जास्त अंतराने रेघ चुकवतोच. इथे एकाही ठिपक्याने चुकवली नव्हती. दोन मुलांचे पेपर शब्दाला शब्द जुळले तर मास्तर खूश होत नाहीत, त्या दोघांचे बाक किती लांब होते ते विचारतात.

मापाच्या बाकावर ओवी बसली होती.

ओवी धनावडे ही पाटणची मुलगी. सात वर्षं उकिडव्यांच्या हाताखाली होती. पुढच्या वर्षी उकिडवे निवृत्त होणार होते आणि भिंत ओवीच्या ताब्यात द्यावी अशी शिफारस त्यांनी केली होती. कणांना प्रचंड वेग देणारं नवं यंत्र, महात्वरक, उभं राहत होतं आणि त्यात हीच भिंत बसवायची होती. शिफारशीवर समिती महिनाअखेरीस निर्णय देणार होती. आयुष्यात उकिडव्यांनी कुणासाठी केलेली ती पहिलीच शिफारस.

ते खाली दालनात गेले. थंड पाण्याचे पंप घरघरत होते. ओवी शिडीवर उभी राहून एका थराच्या केबली बांधत होती.

"ओवी, परवाचं माप..."

"काय सर?"

"फार नेमकं आलंय."

"मग चांगलंय की!" ती खाली उतरली. हात पुसत हसली आणि म्हणाली, "दुपारी माप हलायला लागलं होतं सर. मग मी सारवलं. तुम्हाला सांगणारच होते, राहून गेलं."

उकिडव्यांना ऐकू कमी येई. वर्षभरापूर्वी त्यांनी दोन्ही कानांत 'मणी' बसवून घेतले होते. वाटाण्याएवढं नवं श्रवणयंत्र. जुनी यंत्रं आवाज मोठा करत आणि गोंगाटही मोठा करत. मणी शिकत असे. घालणाऱ्याच्या आसपासची माणसं काय बोलतात, कोणते शब्द वापरतात हे ऐकून ऐकून तो गोंगाटात बुडालेला शब्द वर काढून देई. पंपांच्या घरघरीतही ओवीचं वाक्य त्यांच्या कानात स्वच्छ उमटलं.

"तू... स्वतः केलंस?"

"मग काय कामतसर करणार? तासभर गेला माझा त्यात. भडंग घेणार सर? आईनं पाठवलंय."

तिने डबा पुढे केला. उकिडव्यांनी मूठभर भडंग घेतलं आणि उभ्या उभ्या खाल्लं.

परत विचारावं असं जिना चढताना त्यांच्या मनात आलं होतं. पण परत विचारणं ही त्यांची जन्माची भीती. 'काय म्हणालात?' असं विचारलं की समोरचा कसा ओठ ताणून बोलायला लागतो, ते त्यांनी फार वर्षं सोसलं होतं. आणि ऐकू तर नीट आलं होतं. वर येऊन त्यांनी कामाची नोंद उघडली. तिथे ओवीने लिहिलं होतं, 'माप हलत होतं, ठीक केलं.' ठीक केलं! किती साधेपणाने लिहिलं होतं.

एकदा संशय बसला की सगळं त्याच्या बाजूने बोलायला लागतं. दुसऱ्या दिवशी उकिडवे ओवीच्या टेबलाजवळ गेले तर तिने पडदा बंद केला. उपाहारगृहात ती कामतांशी काही बोलत होती, ते दिसताच थांबली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, तब्येत बरी आहे ना तुमची? माझ्याशी बोलत नाही तुम्ही." त्या काळजीतही त्यांना चाचपणी दिसली. सात वर्षांत हिने आणखी किती वेळा माप ठीक केलं असेल, या विचाराने त्यांची झोप उडाली. आणि नेहमीची शंका पाठोपाठ आलीच. आपणच हिला नीट शिकवलं नसेल.

शेवटी ते कामतांकडे गेले.

"माप सारवलं? ओवीनं?" कामतांनी चष्मा काढला. "कोण म्हणतं?"

"तीच म्हणाली. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं."

"गंमतीत म्हणाली असेल हो."

"यात कोण गंमत करतं?"

कामतांनी चष्मा पुन्हा चढवला. "लेखी द्यावं लागेल सर," ते म्हणाले. "विचार करा. पोरीचं नाव जाईल. पुन्हा कुठल्या प्रयोगशाळेत कुणी तिच्या आकड्याला हात लावणार नाही."

उकिडव्यांनी लेखी दिलं. खाली सही केली.

ओवीचं प्रवेशपत्र त्याच दिवशी बंद झालं. संध्याकाळी फाटकाजवळ ती त्यांची वाट बघत उभी होती. शेजारी जनित्र धडधडत होतं. तिचे डोळे सुजलेले होते.

"मी असं काहीही केलेलं नाही, असं लिहून दिलंय मी," ती म्हणाली. पुढचं वाक्य तिने त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं. "सर, तुम्ही ऐकलंत ना."

हो, ऐकलं ना, उकिडव्यांच्या मनात आलं. कबूल करतेस, वर नाहीही म्हणतेस. ते सरळ बसमध्ये चढले. चालक नसलेली ती बस नेहमीसारखी हळूच हलली आणि ओवी मागे राहिली.

रविवारी कोल्हापूरला चुलतभाऊ अनंताच्या मुलाचा साखरपुडा होता. उकिडवे कोट घालून बाहेर आले तर त्यांची बायको चारुता घरच्याच कपड्यांत गॅलरीतल्या झाडांना पाणी घालत होती.

"चारू, अगं गाडी खाली येऊन उभी आहे."

"मग जा की. मी येणार नाही म्हणून सांगितलं होतं."

"तू येते म्हणालीस! गुरुवारी. मिक्सर चालू होता तेव्हा. स्वतःच्या कानांनी ऐकलंय मी."

चारुताने झारी खाली ठेवली. "मी 'येत नाही' म्हणाले. वर 'त्या अनंताच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही' असंही म्हणाले. तू गोड हसलास आणि मान डोलावलीस. मी म्हटलं, चला, तीस वर्षांत एकदा तरी याला माझं पटलं."

उकिडवे कोटासकट खुर्चीत बसले. "आपण शेवटचं कधी भांडलो गं?"

"आपण?" चारुता हसली. "तू भांडणं सोडून दिलंस, वर्ष झालं. मी एकटीच भांडत असते. तू आपला हसतोस. आधी मला संशय आला, बाहेर काही भानगड आहे की काय. मग म्हटलं, म्हातारा झाला, शहाणा झाला."

वर्ष झालं. उकिडव्यांना वाटत होतं की चारुताच निवळली. दोन माणसं एका छपराखाली राहतात आणि वर्षभर एकाही गोष्टीवर त्यांचं वाजत नाही, हे आपल्याला विचित्र कसं वाटलं नाही?

"मिक्सर लाव," ते म्हणाले.

"आत्ता?"

"लाव ना. आणि पाठ करून काहीतरी बोल. मला सुचणार नाही असं काहीतरी."

चारुताने भांड्यात पाणी घालून मिक्सर लावला, ओट्याकडे तोंड केलं, बोलली आणि मिक्सर बंद केला. "सांग, काय म्हणाले?"

"आज दोडक्याची भाजी केलीय."

चारुता वळली. तिचं हसू मावळलं होतं. "मी म्हणाले, आज दगडाची भाजी केलीय."

मग उकिडव्यांनी तिला ओवीची सगळी हकिकत सांगितली. घरी त्यांनी तोवर त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

"माप हलायला लागलं म्हणून मी सारवलं?" चारुता म्हणाली. "काहीतरीच काय! त्या पोरीनं जन्मात शेण बघितलं असेल का? 'सावरलं' म्हणाली असेल ती. हलत होतं म्हणून सावरलं. पडणाऱ्याला सावरतात तसं."

उकिडव्यांनी डोळे मिटले. तासभर गेला माझा त्यात, असं ती म्हणाली होती. आकडे सारवायला तासभर लागत नाही, एक कळ दाबली की झालं. तासभर लागतो तो भिंतीचा वीजपुरवठा डगमगायला लागला तर तो थरामागून थर स्थिर करायला. ओवीने भिंत सावरली होती. आणि केंद्रात दिवसातून वीसदा 'सारवण' ऐकणाऱ्या मण्याने पंपांच्या घरघरीतून त्यांना ओळखीचा शब्द काढून दिला होता. बुडालेला शब्द तो वर काढत नव्हता. आपल्याकडचा ठेवत होता.

आणि फाटकाजवळ? सर, तुम्ही ऐकलं नाहीत, असं म्हणाली असणार ती.

त्यांनी दोन्ही मणी काढून टेबलावर ठेवले. गॅलरीतल्या पक्ष्यांचा आवाज गेला, पंख्याचा गेला, चारुताचा खूप लांबून यायला लागला. त्या शांततेत त्यांना दुसरी गोष्ट दिसली आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती.

ओवीने माप सारवलं नसेल, तर ते ठिपके रेघेवर बसवले कुणी?

भिंतीलाही कान होते. महात्वरकात कण इतके दाटीने येणार होते की प्रत्येक थराने सगळं सांगायचं म्हटलं तर जगातल्या तारा पुरल्या नसत्या. म्हणून थर थोडक्यात सांगत आणि दालनाच्या कोपऱ्यातली 'पूरक' नावाची पेटी त्या थोडक्यावरून पूर्ण शॉवर मांडून देई. एखादी जागा मुकी राहिली तर आजूबाजूचं बघून तीही भरून काढी. पूरकला शॉवर कसा असतो हे शिकवलं होतं. कशावरून? भिंत बांधली जात होती तेव्हा खरे शॉवर होतेच कुठे! पूरकला शिकवलं होतं नकलेवरून.

गेले कित्येक महिने ते नकलेची नकलेशीच तुलना करत होते.

"गाडीला थांबायला सांग," उकिडवे म्हणाले.

चारुता काहीतरी बोलली.

"काय म्हणालीस?"

तिने जवळ येऊन मोठ्याने म्हटलं, "कोल्हापूरला जातोयस?"

"करंजमाळला."

केंद्राच्या फाटकाबाहेरची खाणावळ रविवारी अर्धी रिकामी होती. ओवी कोपऱ्यात एकटीच जेवत होती. उकिडवे कोट घालून समोर उभे राहिले तेव्हा तिने वर बघितलं आणि पुन्हा ताटात बघितलं. उभ्यानेच त्यांनी तिला सगळं सांगितलं, दगडाच्या भाजीसकट. ती हसली नाही. काहीतरी पुटपुटली.

"मला ऐकू आलं नाही," उकिडवे म्हणाले. "मणी घरी ठेवलेत. मोठ्यानं बोल."

"मी म्हटलं," ओवी इतक्या मोठ्याने म्हणाली की वाढपी वळून बघायला लागला, "आकडा पटला नाही तर परत मोजायचा, हे तुम्हीच शिकवलंत मला. मग मला परत का नाही विचारलंत?"

उकिडव्यांनी बाकाची कड धरली. तिला द्यायला त्यांच्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, खरं होतं.

"माझ्या मनात जे आलं होतं त्याच्याशी ते जुळलं," ते म्हणाले. "जुळलं म्हणून नाही विचारलं."

ओवीने पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला. मग पूरकचं त्यांनी सांगितलं. ते सांगताना तिचा हात थांबला आणि कपाळाला आठ्या पडल्या. सात वर्षांत उकिडव्यांना त्या आठ्या पाठ झाल्या होत्या.

"तपासायचं कसं?" तिने विचारलं.

"न सुचणारं काहीतरी सांगून बघायचं."

ती उठली. "भिंतीसाठी येतेय मी. तुमच्यासाठी नाही." हे वाक्यही तिने मोठ्यानेच म्हटलं, ऐकू जावं म्हणून.

उकिडव्यांच्या प्रवेशपत्रावर दोघं खाली गेले. रविवारीही कणांचा झोत चालू होता. तो थांबवून ओवी शिडीवर चढली आणि भिंतीच्या ऐन मधल्या आठ थरांच्या केबली तिने उपटून खाली सोडल्या. शॉवर जिथे सगळ्यात दाट असतो तिथे भिंत आता ठार आंधळी आणि मुकी होती. मापात मधोमध भोक दिसायला हवं होतं.

दोघं बाहेर आले, झोत पुन्हा सुरू केला आणि पडद्यावर ठिपके उमटायला लागले. पहिला थर, दुसरा, तिसरा. आंधळे थर आले. ठिपके न अडखळता पुढे गेले आणि एकेक करून रेघेवर बसले. दांड्यासुद्धा होत्या. त्या आठ ठिपक्यांच्या दांड्या तर इतरांपेक्षा आखूड होत्या. ज्यांनी काहीच बघितलं नव्हतं तेच सगळ्यात खात्रीने बोलत होते.

"आई गं," ओवी म्हणाली. हे उकिडव्यांना ऐकू आलं नाही, पण दिसलं.

मग त्यांनी पूरक बाजूला काढली आणि सगळ्या केबली लावून थरांचा कच्चा आवाज, कुणी पूर्ण न केलेला, थेट घेतला. झोत इतका मंद केला की तारांना पेलवेल. ठिपके विखुरले. एक वर, एक खाली, आणि भिंतीच्या खोल टोकाला सगळेच्या सगळे रेघेच्या बऱ्याच वर. खरे शॉवर नकलेपेक्षा खोल जात होते. का, ते दोघांनाही माहीत नव्हतं. नक्कल कुठेतरी चुकत होती, किंवा जगात असं काही होतं जे नकलेला अजून कुणी शिकवलंच नव्हतं.

रखवालदाराने कळवल्यामुळे कामत धापा टाकत आले. पडदा बघून ते खुर्चीत बसले.

"भोकं भरून काढणं हेच पूरकचं काम आहे," ते म्हणाले. बोलताना त्यांचं तोंड ओवीकडे होतं, म्हणून ओवी एकेक वाक्य उकिडव्यांना मोठ्याने परत सांगत होती. "सर म्हणतात, हे बाहेर गेलं तर भिंत चार वर्षं मागे जाईल. सर म्हणतात, तुम्ही तक्रार मागे घ्या. गैरसमज झाला म्हणा. माझी नेमणूक उद्याच करतील. सर म्हणतात, आलेख आहे तसा राहू द्या. बाहेरच्या कुणाला आठ केबली उपटून बघायची बुद्धी होणार नाही."

"आणि तू काय म्हणतेस?" उकिडव्यांनी विचारलं.

ओवीने कामतांकडे बघितलं, मग पडद्याकडे. तिचं नाव, तिची नोकरी, पाटणहून डबे भरून पाठवणारी आई, सगळं त्या एका उत्तरावर होतं. "मी माप सारवलं असा आळ आला म्हणून आठवडाभर रडले," ती म्हणाली. "आता खरंच सारवू?"

उकिडव्यांना यातलं निम्मंच ऐकू आलं. त्यांनी परत विचारलं. तिने परत सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना कामतांनी मान खाली घातली.

समिती बुधवारी बसली. नागपूरहून आलेल्या डॉ. देवतळे अध्यक्ष होत्या. उकिडव्यांनी उभं राहून सांगितलं की तक्रार खोटी होती आणि चूक त्यांची होती. मग त्यांनी आठ आंधळ्या थरांचा आलेख लावला. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकाने विचारलं, जगात आणखी किती प्रयोगांत असे पूरक बसले आहेत? ज्याच्या त्याच्या डोळ्यांसमोर आपापला सुंदर जुळलेला आलेख आला असावा. महात्वरकाचं काम थांबलं. जुन्या पद्धतीने, कमी झोतात, थरांचा कच्चा आवाज घेऊन भिंत पहिल्यापासून तपासायची असं ठरलं. उकिडव्यांच्या निवृत्तीपर्यंत ते संपणार नव्हतं.

शेवटी उकिडव्यांच्या शेजारी बसलेल्या देवतळेबाईंनी ओवीला विचारलं, "या कामात डॉ. उकिडव्यांच्या हाताखाली राहायची तुमची तयारी आहे?"

खोली मोठी होती. ओवी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिचे ओठ हलले. उकिडव्यांपर्यंत एकच शब्द पोचला.

"नाही."

पुढचं त्यांचं त्यांनीच भरून घेतलं. सात वर्षं होती, संपली. बरोबरच आहे. दुसरं काय म्हणणार ती? त्यांनी समोरचे कागद गोळा केले, चष्मा खिशात घातला आणि खुर्ची मागे सरकवली. दारापर्यंत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सगळे आपल्याकडे बघताहेत. कामतही. आणि कुणाच्याच चेहऱ्यावर कीव नाही.

एवढ्या माणसांत हे विचारायचं म्हणजे त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"ओवी," ते म्हणाले, "मला फक्त 'नाही' ऐकू आलं. पुढे काही म्हणालीस का?"

ओवी उठली. टेबलाला वळसा घालून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सरांच्या हाताखाली नाही, म्हणाले," ती ठणठणीत आवाजात म्हणाली. "माप कसं घ्यायचं ते आता मी ठरवणार. सरांना यायचं असेल तर माझ्या हाताखाली यावं. शिडी धरायला माणूस लागतोच."

कुणीतरी हसलं. देवतळेबाईंनी पेन खाली ठेवलं आणि उकिडव्यांकडे बघितलं.

"उद्या किती वाजता येऊ?" उकिडव्यांनी विचारलं.

ओवीने सांगितलं आणि ती आपल्या खुर्चीकडे वळली.

"साडेसात," उकिडवे तिच्या मागून म्हणाले, "की साडेआठ?"